महाभारताचे संपादक डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर

आपल्या देवस्थानांत चातुर्मासात पुराण लावण्याची प्रथा एके काळी सर्वत्र होती. सांजवात झाली की सभामंडपात समई लावून पुराणिकबुवा पाटावर बसत, लाल वस्त्रात बांधलेली पोथी उलगडीत आणि श्रोते खांबांना टेकून ऐकत. माझ्या बालपणी एका वर्षी द्रौपदीस्वयंवराचा अध्याय चालू असताना घडलेला प्रसंग अद्यापि आठवतो. कर्ण धनुष्याला हात घालू लागताच आपण सूतपुत्राला वरणार नाही असे द्रौपदी भर सभेत सांगते, तेथवर कथा आली होती. यात्रेनिमित्त दक्षिणेकडून आलेले एक वृद्ध शास्त्री श्रोत्यांत बसले होते. त्यांनी हात वर करून सांगितले की, आपल्या घरच्या ताडपत्राच्या पोथीत हा प्रसंग नाही. आमच्या बुवांची पोथी छापील होती व छापील अक्षर खोटे कसे असेल, असा त्यांचा प्रश्न होता. त्या रात्री आरतीला उशीर झाला. परंतु निकाल काही लागला नाही. दोघेही आपापल्या परीने सत्यच बोलत होते, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. आणि ते ज्यांच्या ग्रंथामुळे कळले, त्या डॉ. विष्णु सीताराम सुखटणकरांचे चरित्र महाजन बंधुभगिनींसमोर यथाशक्ति मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रारंभीच एक खुलासा केलेला बरा. सुखटणकर हे आडनाव आपल्या महाजन कुटुंबांना अनोळखी नाही, आणि त्यामुळेच घोटाळाही होतो. ‘सह्याद्रीच्या पायथ्याशी’ या कथासंग्रहाचे कर्ते वि. स. सुखटणकर हे गोमंतकीय साहित्यिक वेगळे. प्रस्तुत लेखाचे नायक वि. सी. सुखटणकर हे वेगळे. यांचे आडनाव काही ग्रंथांत सुकथनकर असेही छापलेले आढळते. एकाच माणसाच्या नावाचे जर असे पाठभेद होतात, तर दोन हजार वर्षे हातांनी उतरून घेतल्या गेलेल्या ग्रंथाचे काय झाले असेल, याची कल्पना वाचकांनी करावी.

विष्णु सीताराम यांचा जन्म ४ मे १८८७ रोजी झाला. मुंबईत शिक्षण घेऊन ते विलायतेस गेले आणि केंब्रिज येथे त्यांनी गणित हा विषय घेतला. संस्कृताच्या क्षेत्रात पुढे ज्यांचे नाव जगभर झाले, त्यांची पहिली विद्या गणित होती ही गोष्ट मला नेहमी अर्थपूर्ण वाटत आली आहे. त्यानंतर ते जर्मनीत बर्लिन येथे गेले व हाइन्रिख ल्यूडर्स या थोर पंडिताच्या हाताखाली त्यांनी शाकटायनाच्या व्याकरणावर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळविली. १९१४ साली महायुद्ध पेटले. स्वदेशी परतल्यावर पुराणवस्तुसंशोधन खात्याच्या पश्चिम विभागात त्यांनी काही वर्षे नोकरी केली, ताम्रपट व शिलालेख वाचले, आणि भासाच्या नाटकांसंबंधी लेखमाला लिहिली, ती अमेरिकन ओरिएंटल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. एवढ्यावरही एखाद्या विद्वानाचे नाव राहिले असते. त्यांच्या आयुष्याचे खरे कार्य मात्र अडतिसाव्या वर्षी सुरू झाले.

त्या कार्याची पूर्वपीठिका थोडी विस्ताराने सांगणे अवश्य आहे. महाभारताच्या पोथ्या काश्मीरपासून केरळपर्यंत निरनिराळ्या लिपींत लिहिलेल्या आढळतात आणि कोणत्याही दोन प्रांतांच्या पोथ्या परस्परांशी जुळत नाहीत. कोठे श्लोक अधिक, कोठे अध्यायच अधिक, कोठे शब्द बदललेले. उत्तरेत व महाराष्ट्रात जी संहिता रूढ झाली, ती सतराव्या शतकात काशीस राहून टीका लिहिणाऱ्या नीलकंठ चतुर्धराची. हा नीलकंठ मूळचा गोदावरीकाठच्या कोपरगावचा, म्हणजे आपलाच मराठी माणूस. चतुर्धर म्हणजे चौधरी. त्याची टीका इतकी लोकप्रिय झाली की, त्याने घेतलेला पाठ हेच महाभारत असे सर्वसाधारण लोक समजू लागले. सर्व प्रांतांतील पोथ्या ताडून पाहून शक्य तितकी जुनी संहिता निश्चित करावी, ही कल्पना मॉरिझ विंटरनिट्झ या विद्वानाने १८९७ साली पॅरिस येथील प्राच्यविद्या परिषदेत मांडली. युरोपातील विद्वत्सभांनी ती उचलून धरली. ल्यूडर्स यांनी १९०८ साली नमुन्यादाखल काही पृष्ठे छापूनही दाखविली. पुढे महायुद्धाने राष्ट्राराष्ट्रांतील पंडितांचे संबंध तुटले आणि ती योजना विस्कटली ती विस्कटलीच. पैसा होता, पांडित्य होते, शिस्त होती. एकत्र बांधून ठेवणारे सूत्र तेवढे युद्धाच्या एका तडाख्यात तुटले.

इकडे पुण्यात ६ जुलै १९१७ रोजी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना झाली. दुसऱ्याच वर्षी औंधचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी महाभारताच्या सचित्र, चिकित्सित आवृत्तीसाठी एक लक्ष रुपये देण्याचे वचन दिले. १ एप्रिल १९१९ रोजी वयोवृद्ध डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या हस्ते कार्यारंभ झाला. ना. बा. उत्गीकर यांनी १९२३ साली विराटपर्वाची एक तात्पुरती आवृत्ती छापून देशोदेशींच्या विद्वानांकडे अभिप्रायार्थ पाठविली. अभिप्राय आले, सूचना आल्या. पण कामाचा आवाका पाहता ते कधी काळी पुरे होईल असा भरवसा कोणास वाटेना. अशा वेळी, १९२५ साली, प्रमुख संपादकपदाची धुरा डॉ. सुखटणकरांकडे आली.

त्यांच्यापुढे प्रश्न काय होता, ते एका पर्वाच्या आकड्यांवरून ध्यानात येईल. एकट्या आदिपर्वाच्या २३५ पोथ्यांची नोंद त्यांना मिळाली होती. त्यांपैकी १०७ देवनागरी, ३२ बंगाली, ३१ ग्रंथ लिपीतील, २८ तेलुगू, २६ मल्याळम, ५ नेपाळी, ३ शारदा, आणि मैथिली, कानडी व नंदिनागरी प्रत्येकी एक. या साऱ्या लिपी सहजगत्या वाचणारा माणूस पुण्यातच काय, कोठेही मिळणे कठीण. शिवाय पोथ्या एका जागी नव्हत्या. काही पुण्यातच होत्या; ब्यूलर साहेबाने १८७५-७६ च्या सुमारास काश्मिरातून जमविलेली भूर्जपत्रावरील शारदा पोथी त्यांतलीच. काही लंडनला इंडिया ऑफिसच्या संग्रहात, काही बंगालमध्ये, काही तंजावरास, काही कोचीन संस्थानात. ज्या घरी पोथी देवघरात पूजेला असते, त्या घरून ती बाहेर पाठविणे किती अवघड असते, हे महाजन कुटुंबांना सांगावयास नको.

यावर सुखटणकरांनी आखलेला मार्ग म्हटला तर अगदी साधा होता. पोथी जेथे आहे, तिची लिपी जेथे लोकांच्या अंगवळणी पडलेली आहे, तेथेच तिचे वाचन व्हावे. बंगाली पोथ्या ताडण्याचे काम शांतिनिकेतनात, रवींद्रनाथांच्या विश्वभारतीत, पंडित विधुशेखर शास्त्री भट्टाचार्य यांच्या देखरेखीखाली चाले. तेलुगू व ग्रंथ लिपीतील पोथ्यांसाठी तंजावरच्या सरस्वती महालात केंद्र होते. हा सरस्वती महाल म्हणजे भोसले राजांनी, विशेषतः सरफोजी महाराजांनी, वाढविलेले ग्रंथालय. पुण्याच्या कार्यालयात उत्तरेकडील व दक्षिणेकडील दोन्ही प्रकारचे शास्त्री आणि विद्यापीठाचे पदवीधर बसत. या सगळ्या माणसांची एकमेकांशी गाठ क्वचितच पडे. काहींची तर आयुष्यात पडली नसेल. पत्र टाकले की उत्तर येण्यास कित्येक दिवस लागत. तरीही शांतिनिकेतनात बसलेल्या पंडिताचे काम तंजावरच्या शास्त्र्याच्या कामाशी अक्षराला अक्षर लावून जुळले पाहिजे, अशी ही मागणी होती.

ते जुळावे म्हणून जे साधन योजले, त्याचे वर्णन मी जरा सविस्तर करणार आहे. आयुष्यभर कचेरीत रकाने भरणाऱ्या माणसाला त्याचे कौतुक अधिक वाटणे स्वाभाविक आहे, तेव्हा वाचकांनी क्षमा करावी. ठराविक आकाराचा, चौकटी आखलेला एक तक्ता छापून घेतलेला असे. एका तक्त्यावर एकच श्लोक. सर्वांत वरच्या ओळीत प्रचलित संहितेतील तो श्लोक देवनागरीत, एका चौकटीत एक अक्षर याप्रमाणे लिहावयाचा. खाली प्रत्येक पोथीसाठी एक आडवी ओळ. जेथे पोथीतील अक्षर वरच्या अक्षराहून निराळे, तेथे त्याच चौकटीखाली ते निराळे अक्षर उतरावयाचे. बाकीच्या चौकटी रिकाम्या. कडेला शेऱ्यांसाठी जागा सोडलेली. पोथीत एखादा श्लोक अधिक असेल, तर तो वेगळा लिहून काढावयाचा. असे तक्ते सर्व ठिकाणांहून पुण्यात जमा होत आणि एकमेकांशेजारी ठेवले की काश्मीर, बंगाल व केरळ एका दृष्टिक्षेपात दिसत. भाषा निराळी, लिपी निराळी, गुरुपरंपरा निराळी. तक्ता मात्र सर्वांना एक.

याहून कठीण गोष्ट माणसांच्या बाबतीत होती. ताडणी करणारे बहुतेक शास्त्री व्युत्पन्न होते. शेकडो श्लोक त्यांना मुखोद्गत. अशा माणसापुढे पोथीतील चुकीचे रूप आले, व्याकरणाला सोडून असलेले क्रियापद आले, की त्याचा हात आपोआप शुद्ध रूप लिहून जातो. सुखटणकरांना नेमके तेच नको होते. पोथीत जे आहे ते, जसे आहे तसे, अशुद्ध असले तरी उतरावे. अर्थ लावू नये, सुधारू नये. पुष्कळदा ते अशुद्ध वाटणारे रूपच जुने असते, आणि नंतरच्या विद्वान लेखकांनी ते सुधारलेले असते. माझ्याच नोकरीतील एक अनुभव सांगतो. दोन प्रतींची रुजुवात घालीत असता एका जुन्या दस्तऐवजातील गावाचे नाव मला चुकीचे वाटले, म्हणून नक्कल करताना मी ते दुरुस्त केले. पुढे कळले की, ते गावाचे जुने नाव होते आणि त्यावरच एका कुटुंबाचा हक्क अवलंबून होता. वरिष्ठांनी मला फार बोलून घेतले व ते योग्यच केले. शहाण्या माणसाला आपले शहाणपण बाजूला ठेवावयास लावणे, आणि तेही तो शेकडो कोस दूर असताना, त्याचा अवमान न करता, हे सोपे नव्हे. सुखटणकरांनी ते साधले, कारण निर्णयाची सर्व जबाबदारी त्यांनी उघडपणे स्वतःकडे घेतली होती. ताडणी करणाऱ्याने साक्ष द्यावयाची; निवाडा चुकला तर दोष संपादकाचा.

निवाड्याचे तत्त्वही या दूरदूरच्या केंद्रांशी निगडित होते. शेजारच्या दोन गावांतील पोथ्या एकच पाठ देत असतील, तर एकीवरून दुसरी उतरली असण्याचा संभव आहे. त्या दोन साक्षी वस्तुतः एकच ठरतात. परंतु काश्मीरची शारदा पोथी आणि केरळची मल्याळम पोथी यांच्यामध्ये सारा भारतवर्ष आडवा पडलेला. एकमेकींना त्यांनी पाहिले असण्याचा संभव जवळजवळ नाही. असे असून त्या दोघी जेव्हा एकच शब्द देतात, तेव्हा तो शब्द दोघींच्या समान पूर्वजाकडून आला असला पाहिजे. जितके अंतर अधिक, तितकी साक्ष बळकट. इतरांना ज्या अंतराची अडचण वाटत होती, त्या अंतराचा या गणिती माणसाने असा उपयोग करून घेतला. सगळ्या पोथ्या पुण्यात आणून, एकाच शास्त्र्याच्या हातून उतरवून घेतल्या असत्या, तर त्याच्या एका हाताच्या सवयी सर्व साक्षींत शिरल्या असत्या, असेही मला वाटते. अर्थात हे माझे कारकुनी मत.

१९२७ साली आदिपर्वाचा पहिला भाग प्रसिद्ध झाला. पहिल्या दोन अध्यायांसाठी पुष्कळ पोथ्या ताडल्या होत्या. १९३३ साली २२५ अध्यायांचे संपूर्ण आदिपर्व, सुखटणकरांच्या विस्तृत इंग्रजी प्रस्तावनेसह, पुरे झाले. ती प्रस्तावना संस्कृत ग्रंथसंपादनाचे शास्त्र शिकविणारा एक स्वतंत्र ग्रंथच मानली जाते. पृष्ठाच्या वरच्या भागात निश्चित केलेली संहिता. जेथे शब्दाविषयी संपादकाची खात्री नाही, तेथे त्या शब्दाखाली नागमोडी रेघ. एवढा अधिकारी पुरुष पानापानावर रेघ ओढून येथे मला संशय आहे अशी कबुली देतो, हे पाहून मन थक्क होते. तळटीपांत सर्व पोथ्यांचे पाठभेद, आणि गाळलेले श्लोक तारांकित करून त्याच पानावर. मोठे प्रसंग परिशिष्टात. म्हणजे ज्याला निवाडा पटणार नाही, त्याच्या हाती सारा पुरावा संपादकानेच देऊन ठेवलेला.

आणि निवाडा न पटणारे होतेच. येथे आपल्यासारख्या श्रद्धाळू कुटुंबांच्या काळजाला हात घालणारा भाग येतो. व्यासांनी सांगावे आणि श्रीगणेशाने लिहून घ्यावे, ही कथा आपण बाळपणापासून ऐकत आलो. आपल्या घरी चतुर्थीला मखरात बसणारा देव हाच महाभारताचा लेखक, या भावनेने कित्येकांनी आपल्या मुलांना अक्षरे गिरवावयास बसविले. सुखटणकरांच्या आवृत्तीत ही कथा मूळ संहितेत नाही. ती परिशिष्टात आहे, कारण जुन्या व स्वतंत्र परंपरांच्या पोथ्यांचा तिला आधार मिळत नाही. द्रौपदीने कर्णाला नाकारल्याचा तो प्रसंगही मोजक्याच, आणि त्याही उत्तरेकडच्या, पोथ्यांत असल्यामुळे तळटीपेत गेला. आमच्या सभामंडपातील त्या रात्रीचा निकाल असा लागला! दक्षिणेच्या शास्त्र्यांच्या पोथीत तो नव्हता हे खरे, आणि आमच्या बुवांच्या छापील पोथीत तो होता हेही खरे. मी जेव्हा हे प्रथम वाचले तेव्हा मला वाईट वाटले, हे लपवीत नाही. पुढे विचार करता ध्यानात आले की, सुखटणकरांनी कथा खोटी ठरविलेली नाही आणि फेकूनही दिलेली नाही. ती केव्हा, कोणत्या वाटेने आली, एवढेच नोंदविले. देवस्थानच्या दागिन्यांच्या यादीत मूळचा दागिना कोणता व मागाहून भक्ताने वाहिलेला कोणता, याची वेगवेगळी नोंद ठेवली म्हणून वाहिलेला दागिना काही देवाच्या अंगावरून उतरत नाही. तरी ज्यांना ही मांडणी आजही मान्य नाही, त्यांचे दुःख मी समजू शकतो.

विद्वानांचा विरोध निराळ्या कारणाने होता. पॅरिसचे सिल्व्हाँ लेव्ही यांच्यासारख्या मान्यवर पंडिताने असे सुचविले की, मूळ संहिता शोधण्याच्या भरीस न पडता नीलकंठाचाच पाठ छापावा व खाली पाठभेद द्यावे. सुखटणकरांनी या आक्षेपाला प्रस्तावनेत सौजन्याने व सप्रमाण उत्तर दिले आणि काम पूर्ववत् चालू ठेवले. त्यांच्या निवाड्याची खरी परीक्षा पुढे अनपेक्षितपणे झाली. आदिपर्व छापून झाल्यानंतर नेपाळचे राजगुरू पंडित हेमराज यांच्याकडून एका फार जुन्या पोथीचे पाठ त्यांच्या हाती आले. ही पोथी संपादनाच्या वेळी त्यांनी पाहिलेली नव्हती. पूर्वी ज्या अनेक ठिकाणी त्यांनी केवळ युक्तिवादाने श्लोक प्रक्षिप्त ठरविले होते, त्यांतील पुष्कळ श्लोक या पोथीतही नव्हते. त्यांनी १९३८ च्या सुमारास या पोथीवर लेख लिहून तिची सर्व माहिती प्रसिद्ध केली.

एकट्याने अठरा पर्वे संपादणे एका जन्मात शक्य नाही हे ते प्रारंभापासून जाणून होते. म्हणून पर्वांची वाटणी झाली, आणि तीही पुण्यापुरती नव्हे. विराटपर्व लाहोरच्या डॉ. रघुवीर यांच्याकडे गेले व १९३६ साली प्रसिद्ध झाले. उद्योगपर्व ढाका विद्यापीठाचे डॉ. सुशीलकुमार डे यांनी संपादिले; ते १९४० साली पुरे झाले. सभापर्व अमेरिकेतील येल विद्यापीठाचे फ्रँकलिन एजर्टन यांच्याकडे होते. येथे सुखटणकरांची वागण्याची तऱ्हा बदललेली दिसते. ताडणी करणाऱ्याला त्यांनी मताचे स्वातंत्र्य दिले नव्हते; पर्वाच्या संपादकाला ते दिले. संपादनाची तत्त्वे सर्वांना सारखी, आदिपर्वाने घालून दिलेली. त्या चौकटीत शब्दाची निवड ज्याची त्याने करावयाची, आणि मुखपृष्ठावर नावही त्याचेच. कोणाला किती मोकळीक द्यावी याचे हे तारतम्य मी मोठमोठ्या कचेऱ्यांतसुद्धा फारसे पाहिले नाही. तेथे बहुधा उलटे असते: नक्कल करणारा मनाचे घालतो आणि जबाबदार अधिकारी वरच्याच्या तोंडाकडे पाहतो.

पैशाची विवंचना मात्र संपली नाही. सरकार, मुंबई विद्यापीठ, काही संस्थाने आणि औंधचे श्रीमंत यांच्या साहाय्यावर काम चाले. पुढे दुसरे महायुद्ध आले. अशा काळात सुखटणकरांनी स्वतः आरण्यकपर्व हाती घेतले. नळदमयंती, सावित्री, रामोपाख्यान अशा कथांनी भरलेले हे विस्तीर्ण पर्व त्यांनी १९४२ साली पूर्ण केले. अधूनमधून महाभारताच्या घडणीवर त्यांनी स्वतंत्र निबंधही लिहिले. भृगुकुलाच्या कथा भारतात एवढ्या मोठ्या प्रमाणावर कशा आल्या, याचा शोध घेणारा १९३६ सालचा निबंध त्यांत विशेष गाजला.

इतकी वर्षे एकेक अक्षर तोलण्यात गेलेल्या या माणसाला अखेरीस एका वेगळ्याच विषयाची ओढ लागली. मुंबई विद्यापीठाच्या विद्यमाने महाभारताच्या अर्थावर चार व्याख्याने देण्याचे त्यांनी स्वीकारले. चौकटींच्या तक्त्यांतून डोके वर काढून हा ग्रंथ आपणास शेवटी काय सांगतो, हे त्यांना बोलावयाचे होते. कथेच्या पातळीवर, नीतीच्या पातळीवर आणि अध्यात्माच्या पातळीवर अशा तिन्ही अंगांनी त्यांनी ग्रंथाचा विचार मांडला. ज्यांनी गणपतीची कथा परिशिष्टात टाकल्याबद्दल त्यांना कोरडा शास्त्रज्ञ ठरविले असेल, त्यांनी ही व्याख्याने अवश्य वाचावीत. तीन व्याख्याने झाली. चौथे लिहून तयार होते. ते देण्यापूर्वी २१ जानेवारी १९४३ रोजी त्यांचे अकस्मात् निधन झाले. वय पंचावन्न वर्षांचे. अठरा पर्वांपैकी प्रसिद्ध झालेली पर्वे तेव्हा चारच होती.

युरोपातील योजना जशी १९१४ साली विस्कटली, तशी ही आता विस्कटते की काय, अशी शंका त्या वेळी अनेकांस आली असेल. तसे घडले नाही. डॉ. श्रीपाद कृष्ण बेलवलकर यांनी प्रमुख संपादकपद सांभाळले. एजर्टन यांचे सभापर्व १९४४ साली, ऐन युद्धात, प्रसिद्ध झाले. बेलवलकरांचे भीष्मपर्व १९४७ साली आले. त्याच वर्षी फाळणी झाली. लाहोर व ढाका परदेशात गेले. तथापि डॉ. डे यांनी पुढे द्रोणपर्वही संपादून दिले. सौप्तिक ह. दा. वेलणकर यांनी, कर्ण प. ल. वैद्य यांनी, स्त्रीपर्व वा. गो. परांजपे यांनी, आश्वमेधिक र. दा. करमरकर यांनी, शल्य व अनुशासन रा. ना. दांडेकर यांनी केले. १९६१ साली प्रमुख संपादकपद वैद्यांकडे आले. यांतील प्रत्येकाने नागमोडी रेघ तीच वापरली, तारांकन तेच ठेवले, परिशिष्टाची रीत तीच पाळली. एकाच्या हातातील काम दुसऱ्याने उचलले तरी ग्रंथाचा सांधा कोठे दिसत नाही.

सुखटणकरांचे विखुरलेले लेख परशुराम कृष्ण गोडे यांनी १९४४ व १९४५ साली दोन खंडांत एकत्र केले. न झालेले चौथे व्याख्यान आधीच्या तिन्हींसह मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने १९५७ साली ग्रंथरूपाने छापले.

२२ सप्टेंबर १९६६ रोजी पुण्यात राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते संपूर्ण महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचा प्रकाशनसमारंभ झाला. अठरा पर्वे, एकोणीस खंड, आणि त्यांसाठी उपयोगात आणलेल्या हस्तलिखितांची संख्या १२५९. सुखटणकरांना जाऊन तेवीस वर्षे लोटली होती. संपादक म्हणून त्यांचे नाव आहे ते आदिपर्वावर आणि आरण्यकपर्वावर.